तो फोन, ती गाडी, ते मशीन



आजच्या विषयाचे नाव वाचून दोघातिघांनी आम्हांला विचारले की, हे व्याख्यान व्याकरणाचे आहे की विनोदाचे? व्याकरणाचे असल्यास आम्ही घरीच बसू आणि विनोदाचे असल्यास मुलांनाही घेऊन येऊ, असा त्या विचारण्याचा रोख होता. आम्ही उत्तर दिले की, मराठीत या दोहोंमध्ये फारसे अंतर नाही. ज्याला शंका असेल त्याने दिवे गेल्यावर आमच्या इमारतीच्या गॅलरीत येऊन उभे राहावे.

मागल्या वैशाखातली गोष्ट. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एकाएकी सगळीकडे अंधार झाला आणि नेहमीप्रमाणे सारी बिऱ्हाडे गॅलरीत आली. पलीकडल्या काकू म्हणाल्या, "लाइट गेली वाटतं!" वरच्या मजल्यावरून आवाज आला, "आमच्याकडचेही लाइट गेले." जिन्यातला एक मुलगा ओरडला, "लाइट गेला रे!" अंधार तिघांचाही एकच होता. कोपऱ्यातल्या खोलीत एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांनी मेणबत्ती शोधण्याचे सोडून विचारले, "नक्की काय गेले? एकदा ठरवा, म्हणजे तक्रार नोंदवायला बरे."

आम्हांला त्या रात्री झोप लवकर आली नाही. पंखा बंद होता हे एक कारण, आणि मास्तरांचा प्रश्न हे दुसरे. विचार करता करता ध्यानात आले की, तिघेही आपापल्या परीने शुद्ध बोलत होते. काकूंच्या मनात 'वीज' होती. वीज स्त्रीलिंगी, म्हणून 'गेली'. वरच्या मजल्याच्या मनात 'दिवे' होते. दिवे पुल्लिंगी अनेकवचनी, म्हणून 'गेले'. मुलाच्या मनात एखादा 'करंट' किंवा 'दिवा' असावा, म्हणून 'गेला'. परका शब्द आमच्या घरात येतो तेव्हा एकटा येत नाही. त्याच्या पाठीमागे आमचाच एखादा जुना शब्द उभा असतो आणि तोच त्याला आपले लिंग देतो. आज जे सांगायचे त्याचे मूळ एवढेच आहे.

प्रथम ही पंचाईत आमच्याच वाट्याला एवढी का, ते पाहू. इंग्रज मनुष्य टेबल विकत घेतो तेव्हा त्याला टेबलाचे लिंग विचारावे लागत नाही. आम्हांला 'नवा', 'नवी', 'नवे' यांतले एक निवडल्याशिवाय टेबल घरात आणता येत नाही. 'आणला', 'आणली', 'आणले' हे पुन्हा वेगळेच. कारण मराठीत भूतकाळी क्रियापद पुष्कळदा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. रामाने पेन घेतले की सीतेने घेतले याची त्या क्रियापदाला पर्वा नसते. त्याला पेनाची पर्वा असते. शिवाय शब्दाला प्रत्यय लागतानाही लिंग डोके वर काढते. 'दगडाला' म्हणतो, पण 'वाटेला' म्हणतो. म्हणजे विशेषण, क्रियापद आणि विभक्ती अशा तीन नाक्यांवर प्रत्येक शब्दाला आपला परवाना दाखवावा लागतो. ज्याच्यापाशी परवाना नाही तो शब्द मराठी वाक्यात शिरूच शकत नाही.

हा परवाना कसा देतात? दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी आपले व्याकरण १८३६ साली छापले आणि मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. मोठमोठ्या व्याकरणकारांनी या प्रश्नाशी झुंज घेतली, आणि सजीवांच्या बाबतीत सोपे असणारे लिंग निर्जीवांच्या बाबतीत बहुतांशी रूढीवर सोपवावे लागते, हेच पुन्हा पुन्हा दिसून आले. ईकारान्त शब्द स्त्रीलिंगी म्हणावे, तर पाणी, लोणी आणि दही ही नपुंसकलिंगी निघतात आणि हत्ती व मोती पुल्लिंगी. अर्थावरून ठरवावे, तर 'भिंत' ती, 'दार' ते आणि 'उंबरा' तो. एका घराच्या तोंडाशीच तिन्ही लिंगे उभी आहेत.

खरे म्हणजे 'लिंग' या नावानेच थोडा घोटाळा केला आहे. संस्कृतात लिंग म्हणजे खूण. युरोपातल्या व्याकरणात यासाठी जो शब्द आहे त्याचे लॅटिन मूळ नुसते 'जात' किंवा 'प्रकार' एवढ्याच अर्थाचे. शब्दांचे तीन गट आहेत, त्यांना तीन खुणा लावल्या आहेत, इतकाच त्याचा अर्थ. स्त्री-पुरुषांशी त्याचा संबंध येतो तो काही शब्दांपुरता. तसे नसते तर संस्कृतात बायकोला तीन लिंगांचे तीन शब्द कसे असते? 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' पुल्लिंगी. तोही नेहमी अनेकवचनी! आमच्या मराठीतही जुन्या वळणाचे गृहस्थ पत्नीला 'कुटुंब' म्हणत, आणि 'आमचे कुटुंब माहेरी गेले आहे' असे नपुंसकलिंगात सांगत. जर्मन भाषेत मुलीला जो साधा शब्द आहे तो नपुंसकलिंगी आहे. मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदकाराने १८८० साली त्यावर जर्मनांची मनमुराद थट्टा केली. पण जर्मनांचे काही चुकले नव्हते. त्या शब्दाच्या शेवटी लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे, आणि तो लागला की कोणताही शब्द नपुंसकलिंगी होतो. आमच्याकडे 'लेकरू', 'कोकरू', 'पिल्लू' ही सारी 'ते' आहेत. गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीविषयी बोलतानासुद्धा 'तें' म्हणतात. व्याकरणकारांनी या तिसऱ्या लिंगाला नाव जरा रुक्ष दिले. व्यवहारात ते कितीदा तरी मायेचे लिंग असते.

आता घरात शिरू. आपल्या जुन्या स्वयंपाकघरात तिन्ही लिंगांचा संसार गुण्यागोविंदाने चालत होता. चूल, शेगडी, विळी, किसणी, रवी आणि पळी या साऱ्या 'त्या'. पाटा, वरवंटा, तवा, झारा आणि पोळपाट हे 'ते'. जाते, उखळ, लाटणे, सूप आणि पातेले ही तिसऱ्या लिंगातली. एकाच वस्तूचा आकार बदलला की लिंगही बदलावे, अशी सोयही भाषेने केली होती. मोठा तो डबा, लहान ती डबी. मोठा तो सुरा, लहान ती सुरी. गाडा आणि गाडी, खुंटा आणि खुंटी, हातोडा आणि हातोडी. पुरुषांनी यावरून फुगून जाण्याचे कारण नाही. डबा अडगळीत पडतो आणि दागिना ठेवायला डबीच लागते.

आता आजचे स्वयंपाकघर पाहा. मिक्सर, कुकर, फ्रीज, गॅस, ओव्हन, टोस्टर, आणि पलीकडे न्हाणीघरात गीझर. सारे 'तो'! जात्याच्या आणि पाट्याच्या जागी मिक्सर आला, चुलीच्या जागी गॅस आला. पुरुषमंडळी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत ही गृहिणींची जुनी तक्रार. व्याकरणाच्या दृष्टीने तरी ती आता टिकत नाही. ओटा पुरुषांनी भरून गेला आहे. फरक इतकाच की, यांतला प्रत्येक जण कोणी तरी बटण दाबीपर्यंत जागचा हलत नाही आणि एक शिटी दिली की आपण फार काम केले असे समजतो.

हे सारे 'तो' का झाले? यात थोडी पद्धत आहे. इंग्रजीत एखादे काम करणाऱ्या माणसाच्या किंवा वस्तूच्या नावाला शेवटी 'अर'सारखा प्रत्यय लागतो. आपल्याकडे असे शब्द आधी माणसांचे आले: मास्तर, कलेक्टर, डॉक्टर, ड्रायव्हर. ज्या काळात ते आले त्या काळात ती कामे करणारे बहुतेक पुरुष होते. पुढे त्याच वळणाची यंत्रे आली: कुकर, मिक्सर, हीटर, कूलर, प्रिंटर, चार्जर, कॉम्प्युटर. तीही त्याच रांगेत पुरुषांच्या बाकावर जाऊन बसली, असा आमचा तर्क आहे. दुसरा गट 'शन'चा. स्टेशन, ऑपरेशन, इंजेक्शन, कनेक्शन आणि टेन्शन ही सारी 'ते'. अपवाद 'फॅशन', ती मात्र 'ती' झाली. तिसरा गट शेवटी 'ई' असणाऱ्यांचा: बॅटरी, टॅक्सी, ट्रॉली आणि लॉरी या 'त्या'. येथेही टीव्हीने नियम मोडलाच. तो 'तो' राहिला. बहुधा त्याच्या आधी घरात आलेल्या रेडिओच्या खुर्चीवर त्याला बसवले म्हणून.

रस्त्यावर मात्र शेवटच्या अक्षरापेक्षा अर्थाचा अंमल अधिक. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. लोकांनी त्या अजब यंत्राला 'गाडी' म्हटले, आणि त्या एका शब्दाने पुढच्या सगळ्या वाहनांचे भवितव्य ठरवून टाकले. गाडी ती, म्हणून ट्रेन ती, लोकल ती, मोटार ती, बस ती, जीप ती, सायकल ती आणि आताची मेट्रोही ती. स्कूटरच्या शेवटी 'अर' आहे. पण कुकरच्या पंक्तीत न बसता ती गाडीच्या लेकीबाळींत गेली. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर आणि बुलडोझर हे अवजड कामाचे गडी तेवढे बाहेर राहिले. गाडा आणि गाडी यांतला जुना भेद येथे पुन्हा डोकावतो असे म्हणायला हरकत नाही.

या ठिकाणी आम्हांला सर्वांत आवडणारे उदाहरण रिक्षा आणि कॅमेरा यांचे. दोन्ही शब्द बाहेरून आलेले, दोन्ही आकारान्त. पण कॅमेरा 'घोडा'सारखा चालतो: एक कॅमेरा, दोन कॅमेरे, कॅमेऱ्यात. रिक्षा तशी चालत नाही: एक रिक्षा, दोन रिक्षा, रिक्षात. 'दोन रिक्षे आले' असे म्हणणारा मराठी मनुष्य आम्हांला अजून भेटलेला नाही. हे कोणी शिकवले? कोणत्याही शाळेत रिक्षा हा शब्द चालवून दाखवीत नाहीत. लाखो लोकांनी एकमेकांना न विचारता एकच निर्णय घेतला, आणि तो व्याकरणाला धरून घेतला. फाइलच्या फायली केल्या, बँकेच्या बँका केल्या, सायकलच्या सायकली आणि स्टेशनची स्टेशने केली. ज्या भाषेला परका शब्द असा आपल्या साच्यातून काढता येतो तिची पचनशक्ती शाबूत आहे असे समजावे. परके शब्द आले म्हणून आम्ही फार घाबरत नाही. ते येऊन तसेच उपरे राहिले, त्यांना ना लिंग ना विभक्ती अशी वेळ आली, तर घाबरावे.

सरकारी आणि विद्वत्‌मंडळींनी घडवलेल्या शब्दांची कथा थोडी वेगळी. त्यांचे लिंग शेवटच्या संस्कृत पदावर ठरते, त्यामुळे तेथे वादाला जागा नाही. पण गंमत आहेच. ध्वनी पुल्लिंगी, म्हणून दूरध्वनी 'तो'. वाणी स्त्रीलिंगी, म्हणून आकाशवाणी 'ती'. दर्शन नपुंसकलिंगी, म्हणून दूरदर्शन 'ते'. ऐकण्याबोलण्याची तीन साधने आणि तीन लिंगे. वाटणी अगदी न्यायाची झाली. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले, आणि १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे निघाले. लोकांनी मात्र घरी येताच तिघांनाही एका रांगेत उभे केले: तो फोन, तो रेडिओ, तो टीव्ही. मोबाइल आल्यावर तर हे तीन भाऊ एकाच पेटीत राहायला गेले. पण मराठीने तेथेही आपला हिशेब पुरा केला. मोबाइल तो, त्याची बॅटरी ती, आणि आतले कार्ड ते. तळहातावर मावणाऱ्या वस्तूत तिन्ही लिंगे!

आता एक घरगुती कथा. आमच्याकडे कपडे धुण्याचे एक यंत्र आहे. ते मधूनमधून संपावर जाते. आमच्या मातोश्री शिवणयंत्राच्या काळातल्या. त्या म्हणतात, "ते मशीन आज पुन्हा बंद पडलं." सूनबाई म्हणतात, "आई, ती मशीन बंद नाही पडली, तिच्यात पाणी चढत नाहीय." मातोश्रींच्या मनात 'यंत्र' आहे, म्हणून 'ते'. सूनबाईंच्या कानावर रोज हिंदी पडते आणि हिंदीत मशीन स्त्रीलिंगी, म्हणून 'ती'. एकदा दुरुस्तीला आलेला कारागीर दोघींचे ऐकून घेऊन म्हणाला, "माताजी, मशीन तो अच्छी है, मोटर जल गयी है।" मोटर जळाली यावर मात्र तिन्ही पक्षांचे एकमत झाले, आणि खर्च किती झाला हे कळल्यावर खर्चाच्या पुल्लिंगाबद्दलही कोणी शंका घेतली नाही.

हिंदीच्या शेजाराचा असा परिणाम होणे स्वाभाविक आहे. हिंदीत दोनच लिंगे. आमच्या तिसऱ्याला तेथे बसायला जागा नाही. आमचे दही 'आंबट झाले', त्यांचे 'खट्टा हो गया'. आमचा आवाज 'आला', त्यांची आवाज 'आयी'. आमची तार 'आली', त्यांचा तार 'आया'. ती तार आता कोणत्याच लिंगात येत नाही. २०१३ च्या जुलै महिन्यात भारतातली तारसेवा बंद झाली. तारेची जागा घेणाऱ्या ईमेलचे लिंग मात्र अजून पक्के झालेले नाही. कोणी 'ईमेल आला' म्हणतो, कोणी 'आली', कोणी 'आले'. पंजाब मेल ही गाडी असल्यामुळे ती निःसंशय 'आली'. पण पत्र 'आले' आणि निरोप 'आला', त्यामुळे बिचारा ईमेल तिघांच्या ओढाताणीत सापडला आहे.

ही ओढाताण आमच्याच घरात आहे असे मात्र नाही. जर्मनीत ईमेल स्त्रीलिंगी आहे. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथे तीच जर्मन भाषा बोलणारे पुष्कळ लोक तिला नपुंसकलिंगी मानतात. स्पेनमध्ये संगणकाला 'ओर्देनादोर' म्हणतात, तो पुल्लिंगी. समुद्र ओलांडून मेक्सिकोत गेले की तोच 'कोम्पुतादोरा' होतो, आणि ती स्त्रीलिंगी. इटलीत मोटारीचे लिंग बरेच दिवस डळमळत होते. १९२० साली गाब्रिएले दानुन्त्सिओ या कवीने मोटारींचे कारखानदार जोव्हान्नी आन्येल्ली यांना पत्र लिहून मोटार स्त्रीलिंगीच आहे असा निर्णय दिला. आज इटालियन भाषेत ती स्त्रीलिंगीच चालते.

सर्वांत उद्‌बोधक कथा फ्रान्सची. १९५५ साली एका मोठ्या यंत्र-कंपनीला आपल्या नव्या गणकयंत्रासाठी फ्रेंच नाव हवे होते. तिने जाक पेरे या लॅटिनच्या प्राध्यापकांचा सल्ला घेतला. त्यांनी 'ओर्दिनातर' हा शब्द सुचवला. जगाची व्यवस्था लावणाऱ्या ईश्वराचे विशेषण म्हणून तो जुन्या धर्मग्रंथीय भाषेत वापरला जात असे. त्याच पत्रात त्यांनी असेही लिहिले की, याचे स्त्रीलिंगी रूप घेतले तर यंत्र आणि ईश्वर यांच्यात अधिक अंतर राहील. कंपनीने पुल्लिंगी रूप घेतले. आज फ्रान्समधला प्रत्येक संगणक व्याकरणाने पुरुष आहे आणि व्युत्पत्तीने देवाचा नातेवाईक. तो अडला की लोक देवाचे नाव घेतात, ते काही अगदीच निष्कारण नव्हे!

येथवर हसण्याचा भाग झाला. आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत कलकत्त्याहून बदली होऊन एक गृहस्थ आले. मनुष्य हुशार आणि हौशी. महिनाभरात त्यांनी मराठी बोलायला सुरुवात केली. एके दिवशी ते सांगू लागले, "माझा बायको काल आला, आणि माझी पंखा बंद पडली." साऱ्या कचेरीत हशा पिकला. आम्हीही हसलो, इतके की, पुढे आठवडाभर प्रत्येक जण त्यांना 'तुमचा बायको कसा आहे?' असे विचारी. त्यानंतर ते इंग्रजीतच बोलू लागले. तीन वर्षांनी बदली होऊन जाताना त्यांनी आम्हांला जे सांगितले त्याचा आशय असा: "तुमची भाषा मला आवडली होती. पण तिच्यात प्रत्येक वस्तूचे गोत्र ठाऊक झाल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. ते शिकायला वेळ लागतो. तेवढा वेळ तुम्ही मला दिला नाही."

बंगालीत व्याकरणाचे लिंग नाही. क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. बायको असो की पंखा, 'आला' आणि 'आली' हा भेदच तेथे नाही. त्यांची चूक अज्ञानातून आली होती. आमचे हसणे मात्र आळसातून आले होते. रिक्षाला आणि फाइलला आपल्या घरात घेताना जी भाषा एवढी उदार होते, तिच्या लोकांनी एका माणसाला 'तो' आणि 'ती' यांच्या उंबऱ्यावर अडवले. एक मराठी बोलणारा मिळता मिळता गेला. असे किती गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आज आपल्या गावात दुरुस्तीला, बांधकामाला, दुकानात दूरदूरचे लोक येतात. त्यांतला एखादा 'ती पंखा' म्हणाला, तर आपण 'तो पंखा' म्हणून पुढे बोलावे. मूल असेच शिकते. आमच्या नातवाने 'ती फोन' म्हटले तेव्हा त्याला आम्ही हसलो नव्हतो.

दुसरी गोष्ट माणसांच्या कामाची. 'ड्रायव्हर' हा शब्द आपण पुल्लिंगात घेतला, कारण तेव्हा ड्रायव्हर पुरुषच असत. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी ही गाडी पहिल्यापासून स्त्रीलिंगी; ८ मार्च २०११ रोजी सुरेखा यादव यांनी ती पुण्याहून मुंबईला नेली, तेव्हा व्याकरणाने काय करायचे? काहीच अवघड नव्हते. 'ड्रायव्हर आली' एवढे म्हणायचे. शब्द तोच राहतो, क्रियापद तेवढे खरे बोलते. शब्दाला जे लिंग आपण एकदा दिले ते कामाला चिकटलेले नसते. ते बदलण्याचा अधिकार बोलणाऱ्यापाशीच राहतो.

यंत्रांना मात्र हे आपोआप समजत नाही. भाषांतर करणारी यंत्रे माणसांनी आजवर लिहिलेल्या मजकुरावरून शिकतात. तुर्की भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम आहे. त्या भाषेतले 'डॉक्टर आहे' हे वाक्य इंग्रजीत नेताना यंत्र 'तो' म्हणे, आणि 'परिचारिका' या अर्थाचे वाक्य नेताना 'ती'. मूळ वाक्यात तसे काहीच नव्हते. आमच्या जुन्या सवयी यंत्राने आम्हांलाच परत केल्या. २०१८ च्या डिसेंबरात गूगलने अशा तुर्की वाक्यांसाठी दोन्ही रूपे दाखवण्यास आरंभ केला. एवढ्याशा गोष्टीला मुद्दाम सुधारणा करावी लागली.

आणि आता तर यंत्रे स्वतःविषयी बोलू लागली आहेत. इंग्रजीत 'मी मदत करतो' आणि 'मी मदत करते' हा भेद नाही. मराठीत यंत्राने 'मी' म्हणताच पुढल्याच क्रियापदाला त्याला आपले लिंग जाहीर करावे लागते. नपुंसकलिंगी 'मी' तर आम्ही कधी ऐकला नाही. यंत्राने काय करावे? आमची एक सूचना आहे. त्याने 'आम्ही' म्हणावे. मराठीत 'आम्ही आलो', 'आम्ही गेलो', 'आम्ही करतो' ही रूपे स्त्रियांना आणि पुरुषांना सारखीच आहेत. 'तुम्ही आलात' हेही तसेच. बहुवचनात शिरले की भाषा हा प्रश्न विचारायचा थांबते. समोर बसलेल्या श्रोत्यांची गोष्ट वेगळी. पण हे व्याख्यान छापील रूपात वाचणाऱ्याने मागे जाऊन पाहावे. आम्ही इतका वेळ 'आम्ही, आम्ही' करीत आहोत. क्रियापदांवरून आमचे लिंग ओळखता आले तर कळवावे.

असो. मराठीत 'वेळ' या शब्दाला दोन लिंगे आहेत, आणि दोन्हींचे अर्थ निराळे. 'वेळ झाला' म्हणजे उशीर झाला. 'वेळ झाली' म्हणजे ठरलेला क्षण आला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. ते घड्याळ नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ते कोणाचाच पक्ष घेणार नाही. आमचा वेळ झाला की वेळ झाली हे श्रोत्यांनी ठरवावे. इतके शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल, आणि मुख्य म्हणजे तासभर लाइट गेली, गेला किंवा गेले नाहीत याबद्दल, सर्वांचे आभार मानून आम्ही रजा घेतो.